निष्क्रिय घटक

गोळी पांढरी, मधोमध रेघ.
पहाटे साडेपाचला, अनशापोटी,
ह्यांची रिफायनरीची बस यायच्या आधी.
औषध तिच्यात मुंगीच्या पायाएवढं;
बाकी सगळं त्याला धरून ठेवणारं,
चिमटीत सापडावं इतपत मोठं करणारं.
त्या बाकी सगळ्याची मला भीती.

डॉक्टर हुस्नींनी चिठ्ठी लिहिली तेव्हा विचारलं,
ह्यात गहू नाही ना?
ते हसले. बाई, गोळी आहे ही, पाव नाही.
गाडीत हेही हसले:
पोळी सोडलीस, हिंगाची डबी बदललीस,
उम्म खल्फाननी रमजानात पाठवलेलं हरीस
दोनदा झाकण न उघडता परत केलंस.
आता गोळीतही कणीक शोधणार?

हत्ती गेला, शेपूट राहिलं, म्हणतात.
माझं आतडं शेपटालाही ओळखतं.
मग तीन दिवस उठू देत नाही.

डब्यातला कागद सोळा घड्यांचा.
एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे अरबी,
अक्षर खसखशीहून बारीक.
चिन्मयचं तिकिटं बघायचं भिंग घेतलं,
खिडकीशी बसले, एसी बंद करून,
कागद उडू नये म्हणून.
लॅक्टोज. मॅग्नेशियमचं काहीतरी. स्टार्च.
नुसतं स्टार्च.
बार्शीला मुलगी बघायला येतात
तेव्हासुद्धा आधी विचारतात, कुणाची?

फार्मसीत शमीर, कण्णूरचा, कानामागे पेन.
त्याने कागद उलटा केला, बोट फिरवत वाचलं:
नशा.
मी दचकले.
स्टार्चला अरबीत नशा म्हणतात, मॅडम.
बत्तीस वर्षं पोळ्या खाल्ल्या,
एकदाही चढली नाही.
कितीतरी महिन्यांनी दुकानात उभी राहून हसले.

त्याने एजंटला फोन लावला, एजंटने मस्कतला,
मस्कतने कारखान्याला.
शुक्रवार गेला, शनिवार गेला.
मग उत्तर आलं, दोन ओळींचं:
आमचे सर्व निष्क्रिय घटक मान्यताप्राप्त आहेत.

निष्क्रिय.
माझ्या व्हिसावर तसंच काहीसं लिहिलंय:
पतीसोबत, काम करण्यास परवानगी नाही.
बार्शीच्या बँकेत तेरा वर्षं कॅशियर होते मी,
खोटी नोट बोटाला कळायची.
ती सवय गेली नाही.
वहीत रकाने आखले:
तारीख, वेळ, कोण बोललं, काय टाळलं.

गोळी फ्रिजवर तशीच. कंगव्यात रोज थोडी मी.
हे हसायचे थांबले,
एका रात्री वही उघडून बसले,
आणि सकाळी स्वतःच्या ऑफिसातून
कारखान्याला फोन केला, साहेबी आवाजात.
तोही फोन नवव्या मिनिटाला तुटला.
मी रकान्यात लिहिलं: नऊ मिनिटं.

तेविसाव्या दिवशी दार ढकललं
तर काउंटरपलीकडून शमीर ओरडला,
मॅडम! मक्का!
खोकल्याची बाटली घेऊन उभा पठाण ट्रकवाला
आधी माझ्याकडे बघतो,
मग भिंतीकडे, नक्की कुठल्या दिशेला.
शमीरने डब्यावर पेनाने
कणीस काढून दिलं, दाणे मोजून, पानांसकट.
खाली तारीख, सही.
गव्हाच्या यंत्रावरून जात नाही ना, हे मी पुन्हा विचारलं.
तेही विचारलंय, म्हणाला,
आता तुमच्याकडून शिकलो.

दोन महिने बरे गेले.
पहाटे गोळी, तासाभराने भाकरी,
बंदरावर जहाजांचे दिवे विझताना.

आज डबा हिरवा.
मात्रा तीच, रेघही तीच.
काउंटरवर नवा पोरगा; शमीर बहिणीच्या लग्नाला गेलाय.
कंपनी बदलली, पोरगा म्हणतो, पण सेम आहे.
मी पर्समधून भिंग काढते.
सोळा घड्या उलगडते काचेवर.
मागे रांग आहे, असू दे.
स्टार्च, लिहिलंय.
कुणाचं?